गाडी पिकअप का घेत नाही?



"आजकाल गाडी पिकअप घेत नाही," हे वाक्य तुम्ही घरी कधी ना कधी ऐकले असेल. पेडल दाबावे, गाडीने क्षणभर दम खावा, आणि मग एकदम पुढे पळावे. काही जण याला जुनी गाडी म्हणून सोडून देतात, काही जण गॅरेजवाला सांगेल तो पार्ट बदलतात. पण हा दोष शोधण्याची एक सरळ रीत आहे. ती मी गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत म्हैसूरला मामांकडे असताना शिकलो. ती तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

कबिनीच्या रस्त्यावर

मामांची गाडी दीड लिटरची चार सिलिंडरची डिझेल आहे. आजीला कबिनी धरण दाखवायचे म्हणून आम्ही सकाळी एच. डी. कोटेच्या रस्त्याने निघालो. रस्ता दोन पदरी. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर. समोरची बस बरीच लांब होती, म्हणून मामांनी गिअर खाली घेतला, इंडिकेटर दिला आणि पेडल पूर्ण दाबले. गाडी अर्धी ट्रॅक्टरच्या बाजूला आली आणि तिथेच तिचा जोर गेला. इंजिन बंद पडले नाही, आवाजही फारसा बदलला नाही, पण गाडी पुढे जाईना. बस जवळ येत होती. मामांनी पेडल सोडले, ब्रेक लावला आणि ट्रॅक्टरच्या मागे परत आले. बस हॉर्न वाजवत निघून गेली. आजी मागच्या सीटवर देवाचे नाव घेत होती. पुढे अर्धा तास गाडीत कोणीच बोलले नाही.

म्हणून सांगतो, पिकअप न घेणे ही केवळ गैरसोय नाही. ओव्हरटेक करताना चालक गाडीवर भरवसा ठेवून बाहेर पडतो. तो भरवसा दोन सेकंद खोटा ठरला तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी मामा एका वर्कशॉपमध्ये गेले. त्यांनी स्कॅनर लावला, हवेच्या मोजणीबद्दल एक कोड निघाला. "टर्बो गेलाय, बदलावा लागेल," असे सांगून त्यांनी साठ हजारांच्या वर अंदाज दिला. मामा घरी येऊन गप्प बसले. मग मामी म्हणाल्या, "एकदा सुभेदारसाहेबांना तरी दाखवा."

सुभेदार काका बेळगावकडचे. लष्करात ईएमई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या कोअरमध्ये त्यांनी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर म्हैसूरला स्थायिक झाले. ईएमईची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ रोजी झाली आणि तिचे ब्रीद 'कर्म ही धर्म' असे आहे. रणगाड्यापासून ट्रकपर्यंत सैन्याची यंत्रे चालू ठेवणे हे तिचे काम. काकांचे आता घराजवळच छोटे गॅरेज आहे. एका कोपऱ्यात म्हैसूरमध्येच बनलेली एक जुनी येझदी मोटारसायकल उभी असते. (आयडियल जावा कंपनीचा कारखाना म्हैसूरलाच होता. १९६१ पासून १९९६ पर्यंत तिथे जावा आणि येझदी गाड्या बनत.)

मी त्यांना विचारले, "काका, कोड आलाय ना, मग दोष कळला की?"

ते हसले. "कोड म्हणजे तक्रार, बाळ. तक्रार कोणी केली ते कळतं. गुन्हेगार कोण ते आपण शोधायचं."

आधी इंजिन समजून घेऊ

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याची मूळ कल्पना आजही तीच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून तिचे आकारमान साधारण सोळावा हिस्सा केले की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते.

बदलले आहे ते डिझेल आत सोडण्याचे तंत्र. आजच्या गाड्यांत कॉमन रेल असते. एक पंप जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल प्रचंड दाबाने भरून ठेवतो आणि तिथून प्रत्येक इंजेक्टर हवे तेव्हा हवे तेवढे सोडतो. हे तंत्र प्रवासी गाडीत प्रथम १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून बाजारात आले. इंजिन नुसते चालू असताना रेलमध्ये साधारण २५० ते ३०० बार दाब असतो, तर पूर्ण जोर लावल्यावर तो १६०० बार किंवा त्याहून जास्त होतो. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे १ बार आहे, यावरून कल्पना करा.

आता महत्त्वाची गोष्ट. ॲक्सिलरेटरचे पेडल थेट इंजिनाला जोडलेले नसते. पेडलखाली दोन सेन्सर असतात. आपण पेडल दाबतो म्हणजे गाडीच्या संगणकाकडे, ईसीयूकडे, एक अर्ज करतो. "मला एवढा जोर हवा आहे." ईसीयू अर्ज वाचतो आणि आधी पाहतो की आत हवा किती आली आहे. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते. पण तेवढीच हवा दिली तर काळा धूर निघतो, म्हणून ईसीयू हवा त्याहून बरीच जास्त ठेवतो. हिशेबासाठी आपण १८ ग्रॅमला १ ग्रॅम असे धरू. हवा कमी दिसली तर तो डिझेलही कमी देतो, तुम्ही पेडल कितीही दाबा.

म्हणजे आधुनिक डिझेल गाडी दम खाते तेव्हा कारण या तिन्हींपैकी एक असते: हवा खरोखर कमी आली, डिझेल खरोखर कमी आले, किंवा ईसीयूला मिळालेली माहिती चुकीची आहे.

काकांचे प्रश्न

काकांनी बॉनेट उघडले नाही. ते खुर्चीवर बसले, मामांना बसवले आणि प्रश्न विचारू लागले. मला वहीत उत्तरे लिहायला सांगितली.

"गार इंजिनला होतं की गरम झाल्यावर?" दोन्ही वेळा.

"कुठल्या गिअरला?" दुसऱ्यापासून पुढे सगळ्या गिअरला, पण जोरात पेडल दाबले तरच.

"किती आरपीएमला?" साधारण १८०० ते २५००. काका म्हणाले की टर्बोच्या गाडीत १५०० च्या खाली थोडा उशीर लागतोच, तो दोष नव्हे, गिअर खाली घ्यायचा. पण २००० ला दम खाणे बरोबर नाही.

"आरपीएम वाढतो आणि गाडी पळत नाही, असं?" नाही, आरपीएमही अडकतो. म्हणजे क्लच घसरत नाही. क्लच घसरत असेल तर काटा वर पळतो आणि गाडी तिथेच राहते. तो दोष इंजिनाचा नसतो आणि लोक उगाच इंजिन उघडतात.

"धूर?" विशेष नाही.

धुराचा प्रश्न मला आवडला, कारण त्यातून बरेच कळते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येते आहे. (गार सकाळी निघणारी पाण्याची वाफ वेगळी.) निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. जोर नाही आणि धूरही नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा डिझेलच कमी पडते आहे. एकतर ते पोचत नाही, किंवा ईसीयू ते देत नाही.

शेवटचा प्रश्न होता, "हे सुरू व्हायच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता? काही काढलं-बसवलं?"

मामा म्हणाले, "तसं काही नाही. उन्हाळ्यात एअर फिल्टर बदलला, तेवढंच."

काकांनी माझ्याकडे पाहिले, कारण वही माझ्याकडे होती. मी लिहिले, "एअर फिल्टर बदलला." तो कोणी बदलला हे मी लिहिले नाही.

संशयितांची यादी

मग काकांनी यादी केली. स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड शेवटी. हीच यादी तुम्हालाही वापरता येईल.

पहिला, एअर फिल्टर. तो धुळीने भरला की हवा कमी येते. काढून उजेडासमोर धरला की दिसते. आमचा चांगला होता.

दुसरा, डिझेल फिल्टर. तो चोंदला की साध्या वेगाला गाडी ठीक चालते, पण जोरात डिझेल लागले की पुरवठा पडतो. त्याच्या खाली पाणी साठण्याची जागा असते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने खाली बसते. पावसाळ्यानंतर ते काढून टाकावे. आमच्या गाडीत दोन-चार थेंब निघाले, तेवढ्याने काही होत नाही. मग काकांनी स्कॅनरवर रेलचा दाब पाहिला. तिथे दोन आकडे असतात, ईसीयूने मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला. जोर लावल्यावर दुसरा आकडा मागे राहिला तर फिल्टर, पंप किंवा गळणारा इंजेक्टर यांच्यावर संशय घ्यायचा. आमचे दोन्ही आकडे बरोबर चालत होते. एका तपासणीत डिझेलची अर्धी बाजू निर्दोष सुटली.

तिसरा, टर्बोनंतरचे पाइप. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारा पंखा. तो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो आणि हवा दाबून इंजिनात भरतो. टर्बोकडून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप फाटला तर दाबलेली हवा बाहेर जाते. तेव्हा फुस्स असा आवाज येतो, काळा धूर निघतो आणि फाटलेल्या जागी तेलकट डाग दिसतो. आमच्याकडे यातले काहीच नव्हते.

चौथा, ईजीआर व्हॉल्व्ह. जळलेला थोडा वायू परत इंजिनात घालून प्रदूषण कमी करण्याची ही सोय आहे. काजळीने हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर ताज्या हवेची जागा जळलेला वायू घेतो आणि जोर कमी होतो.

पाचवा, डीपीएफ म्हणजे काजळी पकडणारी गाळणी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ नियम लागू झाले, तेव्हापासून ती डिझेल गाड्यांत सर्रास असते. साठलेली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मिळायला गाडी काही वेळ सलग पळावी लागते. जे लोक रोज फक्त सरस्वतीपुरमहून देवराज मार्केटला जाऊन येतात, त्यांच्या गाडीत ती भरत राहते. अशा वेळी आधी दिवा लागतो. तो लागल्यावर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारणे हा पहिला उपाय.

सहावा, पेडलचे सेन्सर आणि ब्रेकचा स्विच. ब्रेक दाबलेला आहे असे ईसीयूला चुकून वाटले तर तो पेडलचे ऐकत नाही. स्कॅनरवर पेडल हळूहळू दाबून आकडे बघायचे, मध्ये उडी दिसता कामा नये.

सातवा, टर्बो स्वतः. वर्कशॉपने पहिले नाव ज्याचे घेतले, ते काकांच्या यादीत सर्वात शेवटी होते.

चामुंडीच्या चढावर दोन साक्षीदार

उभ्या गाडीत यातले काही सापडले नाही. काका म्हणाले, "रोगी झोपलेला असताना ताप येत नाही. चल, त्याला टेकडीवर नेऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे, रहदारी नसताना, आम्ही चामुंडी टेकडीच्या रस्त्याला लागलो. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे आणि टेकडीचा माथा १,००० मीटरच्या वर. चढ सलग असल्यामुळे वेग न वाढवताही इंजिनावर पूर्ण भार देता येतो. काका चालवत होते, मी शेजारी स्कॅनर धरून आकडे वाचत होतो आणि मामा मागे बसून ते लिहीत होते. गाडी चालवणाऱ्याने स्कॅनरकडे बघायचे नाही, हा काकांचा पहिला हुकूम.

आम्ही दोन सेन्सर बघत होतो. एक एअर फ्लो सेन्सर. तो एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच असतो आणि किती हवा आत गेली ते मोजतो. दुसरा बूस्ट प्रेशर सेन्सर. तो इंजिनाच्या तोंडाशी असतो आणि तिथे हवेचा दाब किती आहे ते सांगतो. एक सुरुवातीला, एक शेवटी.

आदल्या संध्याकाळी काकांनी मला गॅरेजमध्ये गणित घातले होते. म्हैसूरच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९२ किलोपास्कल असतो, आणि २७ अंशांना एक लिटर हवेचे वजन साधारण १.०७ ग्रॅम भरते. आमचे इंजिन दीड लिटरचे, चार सिलिंडरचे, म्हणून एका सिलिंडरमध्ये ३७५ मिलिलिटर जागा. तेवढ्या हवेचे वजन ४०० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, साधारण ८५ ते ९० टक्के भरतो. म्हणून प्रत्येक वेळी सुमारे ३५० मिलिग्रॅम हवा आत जायला हवी. ईजीआर बंद ठेवून उभ्या गाडीत सेन्सरने ३५० च्या आसपासच आकडा दाखवला. म्हणजे एअर फ्लो सेन्सर खरे बोलत होता.

आता चढावर काय दिसायला हवे? दाब वाढला की हवेची घनता त्याच प्रमाणात वाढते, आणि हवा तापली की कमी होते. दुसऱ्या गिअरमध्ये काकांनी पेडल पूर्ण दाबले. बूस्टचा आकडा १८० किलोपास्कलपर्यंत चढला. हवेचे तापमान ५० अंश. दाब ९२ चा १८० झाला, म्हणजे जवळजवळ १.९६ पट. तापमानामुळे घनता सुमारे ७ टक्के कमी. हिशेब केला तर ३५० चे ६३५ मिलिग्रॅम व्हायला हवेत.

त्याच क्षणी गाडीने दम खाल्ला. मी एअर फ्लोचा आकडा वाचला. ४५०.

"परत वाच," काका म्हणाले. परत चढ, परत तेच. बूस्ट सेन्सर म्हणत होता की इंजिनाच्या तोंडाशी ६३५ मिलिग्रॅमची हवा आहे. एअर फ्लो सेन्सर म्हणत होता की माझ्यासमोरून ४५० च गेली.

ईसीयू डिझेल देताना एअर फ्लो सेन्सरचे ऐकतो. १८ ला १ या हिशेबाने ६३५ ला ३५ मिलिग्रॅम डिझेल मिळाले असते. ४५० ला मिळाले फक्त २५. म्हणजे जवळजवळ ३० टक्के डिझेल कापले गेले, तेही बरोबर ओव्हरटेक करताना. काळा धूर का नव्हता, तेही कळले. हवा भरपूर होती, डिझेलच कमी दिले जात होते.

काकांनी नंदीच्या मोठ्या मूर्तीजवळ गाडी थांबवली आणि मला विचारले, "तुमच्या मेसमध्ये जेवण किती करायचं ते कसं ठरतं?"

"गेटवर मोजणी होते, काका. तो आकडा मेसला जातो."

"आणि वीस जण भिंतीवरून उडी मारून आत आले तर?"

"पोळ्या कमी पडतील."

"मग आता सांग, या गाडीत भिंत कुठं फुटलीय?"

मी विचार केला. टर्बो आपले काम नीट करत होता, कारण दाब बरोबर येत होता. म्हणजे साठ हजारांचा टर्बो निर्दोष. इंजिनाच्या तोंडाशी असलेला जास्तीचा वायू दोनच वाटांनी येऊ शकत होता. एक, ईजीआर उघडा राहून जळलेला वायू आत येतो आहे. पण स्कॅनरवर चढावरही ईजीआर बंद दिसत होता, आणि उभ्या गाडीत आकडे जुळत होते. मग उरली दुसरी वाट. एअर फ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्या मध्ये कुठेतरी बाहेरची हवा, न मोजता, आत ओढली जात होती.

तो पाइप कुठे आहे हे मला माहीत होते. कारण मे महिन्यात तो मीच काढला होता.

सैल क्लॅम्प

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांना म्हणालो होतो की एअर फिल्टर मी बदलतो, त्यात काय मोठे. डब्याचे झाकण उचलायला आधी पाइपचा क्लॅम्प सैल करून पाइप ओढून घ्यावा लागतो. फिल्टर बदलला, झाकणाच्या क्लिपा लावल्या, पाइप परत सरकवला. क्लॅम्पचा स्क्रू खालच्या बाजूला होता, स्क्रू ड्रायव्हर नीट पोचत नव्हता. मी बोटांनी जेवढा फिरला तेवढा फिरवला. मामांनी "झालं का?" विचारले आणि मी "झालं" म्हणालो.

काकांनी पहिल्या दिवशी शेवटचा प्रश्न विचारला तेव्हाच मला तो स्क्रू आठवला होता. पण एवढ्याशा स्क्रूने काय होणार, असे मी स्वतःला सांगितले. खरे सांगायचे तर मला भीती वाटली. वर्कशॉपने साठ हजार सांगितले होते, आणि त्या आकड्याशी माझे नाव जोडले जावे असे मला वाटत नव्हते.

टेकडीवर मी मामांना सगळे सांगितले. मामा काही वेळ दरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कबिनीच्या रस्त्यावर आजी मागं बसली होती रे." एवढेच. ते रागावले असते तर बरे वाटले असते.

गॅरेजमध्ये परत आल्यावर इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, काकांनी इंजिन हाताने हलवून दाखवले. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेले असते, जोर लावला की ते थोडे कलते. ते कलले की पाइपचा ओठ खालून उचलला जात होता आणि बोट जाईल एवढी फट पडत होती. इंजिन सरळ झाले की फट बंद. म्हणूनच उभ्या गाडीत दोष सापडत नव्हता. सुरुवातीला पाइप घट्ट बसला असेल, मग पाच महिन्यांत क्लॅम्प हळूहळू सैल होत गेला.

पाइपच्या आत धुळीची रेघ दिसत होती. काकांचा चेहरा तिथे गंभीर झाला. फटीतून येणारी हवा फिल्टरमधून येत नाही. लाखभर फेरे घेणाऱ्या पंख्यावर धूळ आपटत राहिली तर त्याची पाती झिजतात. म्हणजे वर्कशॉपने सांगितलेले खोटे होते, पण आणखी काही महिने तसेच गेले असते तर ते खरे झाले असते. काकांनी टॉर्च लावून पाती पाहिली, दांडा हलवून पाहिला. नुकसान झाले नव्हते.

नवा क्लॅम्प शंभर रुपयांच्या आत मिळाला. काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "ज्यानं सैल सोडला त्यानंच आवळायचा." मी आवळला. त्यांनी तपासला, मग मामांनाही तपासायला लावला. पाइप आतून पुसून घेतला. परत टेकडी, परत तोच चढ, तेच पेडल. बूस्ट १८०, एअर फ्लो ६३०. गाडी एका दमात वर गेली.

लक्षात ठेवण्यासारखे

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी दम खात असेल तर या क्रमाने जा.

१. आधी लिहून काढा. केव्हा, कुठल्या गिअरला, किती आरपीएमला, धूर कुठल्या रंगाचा.

२. दोष सुरू होण्यापूर्वी गाडीला कोणी हात लावला ते विचारा. घरच्या लोकांनाही विचारा.

३. डोळ्यांनी बघा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, पाइप, क्लॅम्प, तेलाचे डाग.

४. स्कॅनरवर फक्त कोड वाचू नका. मागितलेला आणि मिळालेला आकडा शेजारी ठेवा, तोही गाडी भाराखाली असताना, आणि वाचणारा चालक नसावा.

५. दोन सेन्सर वेगळे बोलत असतील तर लगेच एखादा बदलू नका. दोघेही खरे बोलत असतील तर काय घडले असेल, असा विचार करा. आमच्याकडे तसेच निघाले.

६. दोष सापडेपर्यंत ओव्हरटेक टाळा. मोकळा रस्ता दिसला तरी.

आणि एक सक्त ताकीद. चालू इंजिनमध्ये रेल किंवा इंजेक्टरच्या नळ्यांना हात लावू नका आणि त्या सैल करू नका. हजार बारच्या दाबाचा बारीक फवारा कातडीतून आत शिरतो. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब दवाखान्यात न गेल्यास हात गमवावा लागू शकतो. गळती आहे का ते बघायचेच झाले तर जाणत्या माणसाने, लांबून, पुठ्ठा धरून बघावे.

निघताना मी काकांना विचारले, तुम्ही मला पहिल्या दिवशी ओळखले होते का? ते म्हणाले, "वहीत 'बदलला' लिहिलंस, 'मी बदलला' लिहिलं नाहीस. तेव्हा वाटलं होतं. पण तू स्वतः सांगशील का, ते मला बघायचं होतं." मग त्यांनी नोकरीतली गोष्ट सांगितली. उंच डोंगरावर ट्रक बंद पडला की तिथे पार्टचे दुकान नसते. तिथे अंदाजाने पार्ट बदलणारा मेकॅनिक काही कामाचा नाही, आणि आपल्या हातून काय झाले ते लपवणारा ड्रायव्हर त्याहून कामाचा नाही, कारण त्याच्यामुळे मेकॅनिक चुकीच्या जागी शोधत बसतो आणि ट्रकमधली माणसे थंडीत बसतात.

मी पहिल्या दिवशी एक शब्द जास्त लिहिला असता तर चामुंडीला जायचीही गरज नव्हती. आता सुट्टीत मामांकडे गेलो की गाडीचे बॉनेट उघडून तो क्लॅम्प मी एकदा बघतो. आणि कोणतेही काम केले की एका कागदावर काय काढले, काय बसवले, ते सहीनिशी लिहून गाडीत ठेवतो.

जय हिंद!